मोसमाआधी घेतलेले पेसो

जेद्दा, मंगळवार, २ फेब्रुवारी १९८२

शेख अबू सालेहनी आज दोन लाख रियाल माझ्या पुढ्यात सरकवले. पावती मागितली नाही. "ऑगस्टमध्ये घरची अकरा माणसं घेऊन मेक्सिकोला जातोय. माझा जुना अमेरिकन भागीदार तिथे ग्वादलाहारात राहतो. दोन महिने वरखर्चाला तिथलं चलन लागेल. बंदोबस्त कर, या मुही. तुझ्या कानांवर माझा भरवसा आहे."

मी छातीवर हात ठेवला. मोहियुद्दीनचा त्यांनी मुही केलाय, आणि अरबीत हाकेआधी 'या' लागतो. शेख माझे कफील, म्हणजे जामीनदार. बलद बाजारातला माझा पाच हात रुंद गाळा, सराफीचा परवाना, माझा इथे राहण्याचा इकामा, सगळं त्यांच्या नावावर. मेहनत माझी, पाटी त्यांची. अकरा वर्षांपूर्वी इथल्या एका हॉटेलात भांडी घासत होतो, हाजींच्या नोटा मोडून देता देता सराफ झालो. बाणकोटच्या सातवी पास माणसाला याहून काय हवं?

धंद्याचा पहिला धडा मी हजच्या गर्दीत शिकलो: मोसमाआधी घ्यावं. हाजी उतरायच्या दोन महिने आधी जो चलन भरून ठेवतो तो हसतो, जो थांबतो तो बोटं मोडतो. मेक्सिकोचा मोसम ऑगस्ट. म्हणजे आत्ताच घेतले पाहिजेत. बहरीनच्या सराफाला टेलेक्स केला. एका रियालला साडेसात पेसो. पक्कं केलं.

मंगळवार, ९ फेब्रुवारी

पेसो आले. पंधरा लाख. हजारच्या नोटा, पंधरा गड्ड्या, प्रत्येकीवर बहरीनवाल्याची कागदी पट्टी. तिजोरीत मावेनात म्हणून पत्र्याची पेटी घेतली आणि घरी पलंगाखाली ठेवली.

बदरुन्निसाने एक नोट उजेडात धरली. "ही बाई कोण?"

"त्यांच्याकडची कुणी जोगीण आहे म्हणे. कविता करायची."

"जोगीण, आनि पैशावर?" ती हसली. "मंग टिकतील ना ओ?"

संध्याकाळी राजाभाऊंकडे गेलो. हे चिपळूणचे, समुद्रावरच्या मोठ्या हॉटेलात कॅशियर. लॉबीत दोन टेक्सासवाले बसले होते. पेसो हा शब्द कानावर पडला तसा मी खांबामागे उभा राहिलो. तिथले अध्यक्ष जाहीर सभेत म्हणाले आहेत की, पेसो मी कुत्र्यासारखा राखीन. हे सांगताना दोघे पोट धरून हसत होते. इतका आनंद झालाय म्हणजे त्यांनीही पेसो भरले असणार. जिवाला बरं वाटलं.

शनिवार, २० फेब्रुवारी



गुरुवारी रात्री रेडिओवर मेक्सिको ऐकलं, पण खरखर फार होती. काल जुम्मा, बाजार बंद. आज सकाळी कुलूप उघडतोय तोच शेजारच्या गाळ्यातून वहाब ओरडला. वहाब येमेनकडच्या हद्रमौतचा, माझ्याआधीपासूनचा सराफ, तोंडाने तिखट.

"या हिंदी! तुझा कुत्रा मेला!"

"कुठला कुत्रा?"

"पेसो राखणारा! सव्वीसचा डॉलर अडतीसवर गेला!"

मी हसलो. गिऱ्हाईक समोर होतं, हसावंच लागलं. मग गाळ्याच्या मागे जाऊन घागरीतलं पाणी तीनदा प्यालो.

शनिवार, २७ फेब्रुवारी

डॉलरला पंचेचाळीस. म्हणजे रियालला तेरा. मी घेतले साडेसातने. आकडे चार वेळा मांडले, चारही वेळा तेच. पेटीतल्या पंधरा लाखांचे आज फक्त एक लाख पंधरा हजार रियाल होतात. पंच्याऐंशी हजार गेले. चोरी नाही, आग नाही. पेटी होती तिथेच आहे.

आमिना तेरा वर्षांची, इंडियन स्कूलमध्ये आठवीत. माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "अब्बा, सिंपल डिव्हिजन है. इतना टाइम क्यों लग रहा है?"

"हिशोब दुसऱ्याचा आहे, बेटा."

"तो फिर आप क्यों डर रहे हो?"

शेखांना आज जाऊन सांगावं का? दारापर्यंत गेलो होतो. आतून त्यांचा आवाज आला, कुणाला तरी सांगत होते: "मुहीला विचार. बलदमध्ये त्याच्याइतका हुशार हिंदी नाही." परत फिरलो.

सोमवार, ८ मार्च

तीन रात्री झोपलो नाही, पण वाट सापडली.

बाणकोटच्या घरासाठी साठवलेले पंच्याऐंशी हजार काढले. घर लिंटलपर्यंत आलंय, स्लॅब राहिला आहे. राहू दे. त्या सगळ्याचे आजच्या भावाने पेसो घेतले: अकरा लाख पाच हजार. शेखांचे पंधरा आणि हे अकरा, मिळून सव्वीस लाख. आजच्या भावाने बरोबर दोन लाख रियाल. त्यांनी दिले तेवढे पेटीत आहेत. माणसाने इमान राखायचं म्हणजे आणखी काय करायचं?

एकच गोष्ट नडत होती. दोन खरेद्या, दोन तारखा, दोन भाव. शेखांचा कारकून डोळे बारीक करून बघणारा आहे. म्हणून बहरीनच्या सगळ्या पट्ट्या सोडल्या, नोटा एकत्र केल्या आणि माझ्या रबरांनी सव्वीस नव्या गड्ड्या बांधल्या. चिठ्ठीही नवी लिहिली, भाव तेरा. पट्ट्या चुलीत टाकल्या.

बदरुन्निसा दारात उभी होती. "काय जालताव?"

"कागद."

तिने जेवण वाढलं. आज तिच्या हातात दोनच बांगड्या दिसल्या. विचारलं तर म्हणाली, "उकडतंय, काढून ठेवल्या."

वहाबला मी आणखी पेसो घेतल्याचं कळलं. पेला आपटून म्हणाला, "मी होते नव्हते ते पेसो परवा विकून टाकले, आणि तू विकत घेतोस? पडलेल्या भिंतीला टेकून बसतोस?"

"पडून झाली ना? आता कुठे पडणार?"

"या अल्ला," तो म्हणाला आणि मला स्वतःच्या पैशाने चहा मागवला. त्याने असं कधी केलेलं नाही.

मंगळवार, ११ मे

पेसो पंचेचाळीस, सेहेचाळीस, सत्तेचाळीस. मुंगीच्या पायाने चाललाय. मी रोज रेडिओला कान लावतो.

आता भीती वेगळीच आहे. सहल झाली तर पेटी शेखांच्या हातात जाईल, पेसो तिथे पेसो म्हणूनच खर्च होतील, कोणी भाव विचारणार नाही. पण सहल मोडली तर? तर शेख म्हणतील, दोन लाख परत आण. आणि थोरल्या बेगमचं मन नाही. तिला जिनिव्हा हवंय. शेखांच्या ड्रायव्हरकडून ऐकलं.

म्हणून मीच सहलीचा दलाल झालो. राजाभाऊंकडून सोनेरी क्रेडिट कार्डाची माहिती काढली.

"मोहियुद्दीनशेठ," राजाभाऊ म्हणाले, "तिकिटं यावर काढली की अपघाताचा विमा फुकट. हॉटेलला रात्री दोनला पोचा, खोली राखलेली असते. कार्ड हरवलं तर दुसऱ्या दिवशी नवं हातात. प्रवासी चेकांचंही तसंच, फक्त नंबर वेगळ्या कागदावर लिहून ठेवायचे आणि खालची सही दुकानदारासमोरच करायची. तुमचे शेख घरी बसून सगळ्यांवर दोन-दोन सह्या करून टाकतील, तेवढं सांभाळा."

"आणि भाव कुठला लावतात?"

"बिल कार्ड कंपनीत पोचेल त्या दिवशीचा. पेसो घसरला तर कार्डवाला फायद्यात. खरं सांगू? अशा देशात जाताना तिथल्या नोटा टॅक्सी-चहापुरत्या न्याव्यात. बाकी डॉलरचे चेक आणि कार्ड. आगाऊ पेसो भरणारा कुणी वेडाच म्हणायचा."

मी म्हणालो, "खरंय." आणि मोठ्याने हसलो. राजाभाऊ हसले नाहीत, माझ्याकडे बघत राहिले.

शेखांना कार्ड फार आवडलं. बेगमला खोली राखून ठेवण्याची गोष्ट आवडली. तिकिटं निघाली, २१ ऑगस्ट. घरी येऊन शुक्रान्याची, आभाराची दोन रकात नमाज पढलो.

शुक्रवार, २३ जुलै

काल ईद झाली. शेखांनी मला मिठी मारून विचारलं, "माझे पेसो मजेत आहेत ना?" मी म्हणालो, "पलंगाखाली झोपले आहेत." मजलिस हसली.

मेहुण्या इसहाकचं बाणकोटहून पत्र आहे: "भिंती उघड्या, पाऊस आत येतो. पैसे का थांबले?" काय लिहू?

शनिवार, ७ ऑगस्ट

पुन्हा.

या वेळी वहाब ओरडला नाही. माझ्या गाळ्यात येऊन हळूच म्हणाला, "पंचाहत्तर."

रियालला बावीस. सव्वीस लाखांचे एक लाख अठरा हजार. मागे निदान खिशात काही होतं. आता खिसाही पेटीत आहे.

फक्त चौदा दिवस. चौदा दिवस सहल मोडू नये. नमाजीत दुसरं काही आठवत नाही.

रविवार, १५ ऑगस्ट

सहल मोडली.

अमेरिकन भागीदाराचा टेलेक्स आला. कारकुनाने मला वाचायला दिला, त्याचं इंग्रजी कच्चं. "सरकारने डॉलरची खाती गोठवली. चलन बाजार बंद. उद्या काय होईल कुणाला माहीत नाही. येऊ नका." मी तो शेखांना अरबीत सांगितला. माझ्याच तोंडाने. एक शब्द बदलावा असं मनात आलं होतं. कारकून बघत होता.

"खलास," शेख म्हणाले. "जिनिव्हा. या मुही, पेसो मोड आणि मंगळवारी दोन लाख घेऊन ये."

घरी कसा आलो आठवत नाही. आमिनाने दार उघडलं.

सोमवार, १६ ऑगस्ट

सहा सराफ फिरलो. चौघांनी नोट हातात घेतली नाही. एकाने विचारलं, जोगिणीचं चित्र भिंतीला लावू का? एकाने सव्वीस लाखांचे बारा हजार देऊ केले, तेही महिन्याने. वहाबकडे गेलो नाही. तो हसेल, आणि आज हसणं सोसणार नाही.

शेख बाहेर काढतील. पासपोर्टवर खुरूजचा, देश सोडण्याचा शिक्का. आमिनाची शाळा, बदरुन्निसाच्या उरलेल्या दोन बांगड्या, आणि छप्पर नसलेलं घर. 

मंगळवार, १७ ऑगस्ट

सांगून आलो. जसं झालं तसं लिहितो, कारण अजून खरं वाटत नाही.

पेटी घेऊन गेलो. शेख एकटेच होते, कॉफी ओतत होते. मी उभ्यानेच फेब्रुवारीपासून सगळं सांगितलं. मधे त्यांनी एकदाही थांबवलं नाही. नुकसानीचा आकडा सांगताना मी खाली बघत होतो.

ते म्हणाले, "घे म्हणून मी सांगितलं. तू घेतलेस. बाजार पडला. त्यात तुझा काय गुन्हा?"

मला कळेना.

"तू माझा अमीन. ठेव सांभाळणारा. ठेवीला आसमानातून नुकसान आलं तर ते ठेवणाऱ्याचं. फेब्रुवारीचं माझं, ऑगस्टचंही माझं. तू त्याच दिवशी आला असतास तर मी शिवी दिली असती आणि कॉफी दिली असती."

मी बसलो. रडू येत होतं.

मग त्यांनी पेटी उघडली. "यातले माझे कोणते?"

"पंधरा लाख."

"किती ते नाही विचारलं. कोणते?"

मी गड्ड्यांकडे बघितलं. सव्वीस गड्ड्या, सव्वीस रबरं.

"तुझे पैसे माझ्यात मिसळलेस?"

एक शब्द पुरला असता. या पंधरा तुमच्या आणि या अकरा माझ्या, कोण ओळखणार होतं? नोटांवर नाव नसतं. शेखही बहुधा मानायला तयार होते. कॉफीचा पेला त्यांनी हातात धरून ठेवला होता, पीत नव्हते. पण अमानतीत आपला पैसा मिसळू नये, मिसळला की ती अमानत राहत नाही, कर्ज होतं, हे बाणकोटच्या मदरशात पोरं पाठ करतात. मीही केलं होतं. मार्चमध्ये मला ते आठवलं नाही. मला वाटलं, मी घालतोय, काढत तर नाही!

"मिसळले," मी म्हणालो. "पट्ट्या जाळल्या."

शेखांनी पेला खाली ठेवला. "मग पेटी तुझी. आणि माझे दोन लाख तुझ्याकडे येणे." आवाज चढला नाही, तेच जास्त भयानक होतं. "गुरुवारी सूर्य मावळेपर्यंत, मगरिबच्या नमाजेआधी, पन्नास हजार रोख आण. बाकीचे गाळ्याच्या नफ्यातून तीन वर्षांत फेड. पन्नास आले नाहीत तर गाळा दुसऱ्याला देईन आणि तुला घरी पाठवीन. मुही, एक सांग. फेब्रुवारीत का आला नाहीस?"

मी पेटी उचलून निघालो. 

बदरुन्निसाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माना मार्चपासना ठावं हाय." म्हणाली आणि रुमालात बांधलेले नऊ हजार रियाल पुढ्यात ठेवले. बांगड्यांचे. ते मी घेतले नाहीत. ते घेतले तर मग माझं काय उरलं?

गुरुवार, १९ ऑगस्ट

दुपारची नमाज झाली तरी हात रिकामे. राजाभाऊंनी तीन हजार देऊ केले, स्वतः भाड्याच्या खोलीत राहतात. नको म्हटलं. गाळ्यात बसलो होतो, पेटी पायाशी. कुणी दाराशी आलं की वाटायचं, कारकून आला.

आला वहाब.

"त्यात पेसो आहेत?"

"सव्वीस लाख."

"मोजायचे नाहीत मला. पन्नास हजार देतो."

मी थक्क झालो, पण चेहरा हलू दिला नाही. बारा हजारांच्या मालाला हा पन्नास देतो, म्हणजे याला काहीतरी कळलंय. टेक्सासचं कुणी गिऱ्हाईक असणार. माझ्यातला सराफ जागा झाला. म्हटलं, "पंचावन्न."

वहाबने माझ्याकडे असं बघितलं की आता मारतो की काय. मग म्हणाला, "या हिंदी, तुझ्या तोंडात शेण. पन्नास. यल्ला, चल लवकर, मगरिब व्हायला दोन तास आहेत."

मगरिबचं त्याला कुणी सांगितलं? शेखांचा कारकून त्याच्याकडे चहा पितो, सहज बोलला असेल. नोटा सगळ्या जुन्या होत्या, वेगवेगळ्या रबरांच्या, काही तर शंभरच्या आणि दहाच्या. घाईत गोळा केल्यासारख्या.

मगरिबच्या आधी पोचते केले. शेखांनी मोजले नाहीत. कॉफी मिळाली. घरी येऊन बदरुन्निसाला म्हटलं, "बघ, शेवटी धंद्यात कानच कामी आले. वहाबसारख्या खेळलेल्या माणसाला बारा हजारांचा माल पन्नासला दिला."

ती पीठ चाळत होती. चाळतच राहिली.

शनिवार, ४ सप्टेंबर

रेडिओवर होतं. तिथल्या सरकारने सगळ्या बँका ताब्यात घेतल्या, चलनाची ने-आण सरकारी हुकुमाशिवाय बंद. पेटीतले पेसो आता जळणाच्या भावाचे.

 वहाब येणार, दार लोटणार, भर बाजारात माझी गचांडी धरून पन्नास हजार मागणार. गिऱ्हाईकाला डॉलरचा भाव सांगताना दोनदा चुकलो.

तो आलाच नाही. दहाला त्याच्या गाळ्यात डोकावलो. भिंतीपाशी माझी पेटी होती, मी बांधलेल्या सुतळीची गाठ तशीच. वर त्याने गोणपाट घालून चहाची शेगडी मांडली होती.

"रेडिओ ऐकलास?" मी विचारलं. 

"ऐकला."

"मग?"

"मग काय? साखर किती घालू?"

इतकी वर्षं याच्या शेजारी बसतोय. इतका कच्चा सौदा करताना मी त्याला कधी पाहिला नाही, आणि इतक्या महाग मालाची गाठ पंधरा दिवस न सोडणारा सराफ तर मी जन्मात पाहिला नाही. त्याचं टेक्सासचं गिऱ्हाईक पळालं का, हे विचारायचं होतं. ओठावर आलं होतं. पण का कोण जाणे, भीती वाटली. शेखांसमोर वाटली त्याहून जास्त.

"दोन चमचे," म्हटलं, आणि बसलो.